तापानंतरचे हृदय आणि त्याची चित्रे

पावसाळा सरत आला आणि तापाची साथ ओसरू लागली, की दवाखान्याच्या बाकावर एक निराळीच मंडळी येऊन बसू लागते. त्यांचा ताप उतरून महिना-दीड महिना झालेला असतो, प्लेटलेट पूर्ववत झालेल्या असतात, घरची माणसे 'आता कामाला लागा' असे सुचवू लागलेली असतात. आणि तरीही जिन्याच्या दहा पायऱ्या चढताच त्यांच्या छातीत धडधडते, स्नान करून आल्यावर धाप लागते, रात्री डाव्या कुशीवर वळले की स्वतःच्याच हृदयाचे ठोके उशीतून ऐकू येतात. डेंग्यू, चिकुनगुनिया, फ्ल्यू किंवा कोविड, ज्वर कोणताही असो, त्याच्या मागून येणारी ही कैफियत पुष्कळशी सारखी असते. आणि ती सांगून झाल्यावर येणारा प्रश्नही हल्ली ठरलेला असतो : 'डॉक्टर, एकदा हृदयाचा स्कॅनच करून टाकू का?'

या प्रश्नाला 'करा' किंवा 'नको' असे एका शब्दात उत्तर देणाऱ्याने रुग्णाचे पुरते हित पाहिले नाही, असे माझे मत आहे. हृदयाचे चित्र घेण्याची साधने आज अनेक आहेत आणि प्रत्येक साधनाला हृदयाची एकच बाजू दिसते. कोणाला भिंतींची हालचाल दिसते, कोणाला रोहिण्यांतील अडथळा, कोणाला स्नायूतील सूज, आणि ठोक्यांच्या गतीवर हुकमत चालवणाऱ्या मज्जासंस्थेतील बिघाड तर यांपैकी कोणालाच दिसत नाही. तेव्हा आपल्याला नेमके काय विचारायचे आहे हे आधी निश्चित झाले, तरच कोणते चित्र काढायचे हे ठरते. ते निश्चित न करता काढलेली चित्रे फाईल जाड करतात आणि मनाची धास्ती वाढवतात, त्याहून अधिक काही करत नाहीत.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावाहून एक शिक्षिका अशीच एक जाड फाईल घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. तापानंतर चार महिने त्यांना धडधड होत होती; त्या अवधीत तीन ठिकाणी तीन एको झाले होते, हृदयाच्या रोहिण्यांचे सीटी झाले होते, आणि आता एमआरआयसाठी शहरात मुक्काम करण्याची तजवीज चालली होती. त्या फाईलमध्ये नव्हती ती एक अगदी अल्प खर्चाची रक्ततपासणी. खालची पापणी ओढून पाहिली तर ती पांढरीफटक होती, आणि हिमोग्लोबिन निघाले ७.८. तापाआधीपासूनच त्यांच्या अंगात रक्त कमी होते, तापातल्या उपासमारीने ते आणखी घटले होते, आणि हृदय बिचारे ती तूट भरून काढण्यासाठी मिनिटाला एकशे दहा ठोके देत राबत होते. लोहाचे व पाळीतील अतिस्रावावरचे उपचार सुरू झाल्यावर तीन महिन्यांत त्यांची धडधड गेली. त्या बाईंचा चार महिन्यांचा मनस्ताप आणि घरातून गेलेला पैसा आठवला, की आजही मला वाईट वाटते, आणि या लेखाची निकड त्यातूनच उपजली आहे.

ही व्यथा नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळी, फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात सैनिकांना तपासताना जेकब डा कोस्टा या वैद्याला असे पुष्कळ तरुण आढळले, की ज्यांना चालताना धाप लागे, छातीत टोचे, उभे राहताच नाडी धावू लागे, पण ज्यांच्या हृदयात ऐकण्यासारखा दोष सापडत नसे. आणि त्यांच्यापैकी कितीकांच्या कैफियतीत आरंभी ताप किंवा अतिसार यांचा मुक्काम झालेला असे. १८७१ साली त्याने या सैनिकांवर जो निबंध प्रसिद्ध केला, तो वाचताना आजच्या कोविडोत्तर रुग्णाचेच वर्णन चालले आहे असा भास होतो. डा कोस्टापाशी फक्त कान, बोटे आणि घड्याळ होते. आपल्यापाशी चुंबक आणि ध्वनिलहरी आहेत. पण कान, बोटे आणि घड्याळ यांचे काम त्यामुळे संपलेले नाही.

विषाणू हृदयाला ज्या वाटांनी त्रास देतो त्या समजून घेतल्या, तर पुढील तपासण्यांचा अन्वय लावणे सोपे जाते. पहिली वाट थेट स्नायूची. विषाणू हृदयाच्या स्नायूपेशींत शिरतो, आणि त्याला हुसकावण्यासाठी धावून आलेली शरीराची संरक्षक यंत्रणा त्याच्याबरोबर स्नायूलाही घायाळ करते. याला डॉक्टर मायोकार्डायटिस म्हणतात, आणि न्यू यॉर्क राज्यातील एका गावावरून ज्याला कॉक्सॅकी हे नाव पडले, तो विषाणू या बाबतीत फार पूर्वीपासून कुप्रसिद्ध आहे. दुसरी वाट हृदयाभोवतीच्या पातळ आवरणाची : ते सुजले की आडवे झाल्यावर छातीत दुखते, आणि पुढे वाकून बसले की दुखणे उणावते. तिसरी वाट रक्ताची. तापाच्या काळात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढून फुप्फुसात गुठळी अडकू शकते, किंवा रोहिणीत आधीपासून मुकाट बसलेला अडथळा तापाच्या ताणाने उघडकीस येतो. चौथी वाट स्वायत्त मज्जासंस्थेची, जिच्यात हृदय धडधाकट असते, पण त्याला मिळणारे हुकूम चुकीचे असतात. आणि पाचव्या प्रकारात हृदयाचा काही संबंधच नसतो : रक्तक्षय, थायरॉइडचा तापानंतर होणारा दाह, फुप्फुसांत राहून गेलेला विकार, किंवा तीन आठवडे अंथरुणाला खिळल्यामुळे सगळ्याच स्नायूंना आलेले दौर्बल्य, हे सगळे हृदयविकाराचा वेष घेऊन येतात.

या पाचांतली आपली वाट कोणती, याचा निम्मा-अधिक उलगडा रुग्णाच्या जबानीतून होतो, आणि ती जबानी दवाखान्यात घाईघाईने आठवण्यापेक्षा घरी शांतपणे लिहून न्यावी, असा माझा आग्रह आहे. वहीचे एक पान पुरे. ताप कोणत्या तारखेला आला, कोणत्या तारखेला उतरला, किती दिवस पडून होता. त्रास तापातच सुरू झाला की उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी. दुखणे श्वास आत घेताना वाढते, चढावर वाढते की बसल्या जागी येते. धाप आडवे झाल्यावर लागते की उभे राहिल्यावर. धडधड हळूहळू वाढत जाऊन हळूहळू ओसरते की दिव्याचे बटण दाबावे तशी एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबते. आणि श्रम केल्याच्या दुसऱ्या दिवशी अंग असे गळून जाते का, की अंथरूण सोडवत नाही. यातील प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरावरून डॉक्टर एकेक शक्यता पुढे ओढतो किंवा मागे सारतो. एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबणारी धडधड ठोक्याच्या विद्युत्मार्गातील दोष सुचवते, आणि तिच्यासाठी चित्रापेक्षा नोंद घेणारे यंत्र हवे. आडवे झाल्यावर लागणारी धाप हृदयाचा जोर कमी झाल्याची शंका आणते, आणि तिथे एको लांबणीवर टाकता कामा नये. उभे राहिल्यावरच होणारा त्रास बहुधा चौथ्या वाटेचा असतो.

एवढे सांगितल्यावर एक गोष्ट निक्षून सांगणे माझे कर्तव्य आहे. छातीवर दडपण येऊन घाम फुटला, दुखणे हातात किंवा जबड्यात उतरू लागले, शुद्ध हरपली, विशेषतः चालताना किंवा खेळताना हरपली, ओठ निळसर झाले, रात्री धाप लागून उठून बसावे लागले किंवा पाय अकस्मात सुजू लागले, तर वही, वेळ ठरवणे, ओळखीचा डॉक्टर हे सारे बाजूला ठेवून त्याच क्षणी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ताजा मायोकार्डायटिस तरुण माणसाला काही तासांत अत्यवस्थ करू शकतो. 'सकाळपर्यंत पाहू' या वाक्याने घात झालेली घरे मी पाहिली आहेत.

तशी काही धोक्याची खूण नसेल, तर पहिली पायरी साध्या तपासण्यांची. बारा लीडचा ईसीजी, रक्तदाब, बसून व उभे राहून नाडी, बोटाला लावण्याच्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण. रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, क्रिएटिनिन, सीआरपी. आणि शंका असेल तर ट्रोपोनिन व बीएनपी. हृदयस्नायूला ताजी इजा झाली असेल तर ट्रोपोनिन वाढते, पण दुखण्याला दोन महिने लोटल्यावर ते पूर्ववत आलेले असण्याचाच संभव अधिक, म्हणून उशिरा केलेले ट्रोपोनिन स्वच्छ आले एवढ्यावरून पूर्वी काही घडलेच नाही असा फैसला देता येत नाही. डेंग्यूच्या रुग्णांनी हेही ध्यानात ठेवावे, की ताप उतरताना नाडी मिनिटाला पन्नासच्या आसपास येणे हे त्या रोगात वरचेवर दिसते. चक्कर नसेल आणि ईसीजीत दुसरा दोष नसेल, तर ती बहुधा काही दिवसांत आपोआप सुधारते. आपला तापाआधीचा एखादा ईसीजी घरच्या कपाटात असेल तर तो शोधून न्यावा. जुन्याशी नव्याची रुजवात घालता आली, की डॉक्टरची अर्धी शंका तिथेच फिटते.

चित्रांत पहिला मान निःसंशय एकोचा. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हा वैद्य आणि हेल्मुट हर्ट्झ हा पदार्थवैज्ञानिक, या दोघांनी मिळून धातूच्या पत्र्यातील भेगा शोधण्यासाठी वापरात असलेले ध्वनिलहरींचे यंत्र माणसाच्या छातीवर टेकवले, आणि हृदयाच्या भिंतीवरून परतलेला प्रतिध्वनी टिपला गेला. आज आपण ज्याला टू-डी एको म्हणतो त्याचा हा उगम. यात सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, उपाशी राहावे लागत नाही. डाव्या कुशीवर वीस-तीस मिनिटे पडून राहायचे, छातीवर थंड जेल लागते, एवढेच. हृदयाचे चारी कप्पे, त्यांच्या भिंतींची हालचाल, झडपांचे मिटणे-उघडणे, फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीतील दाबाचा अंदाज, आवरणात साठलेले पाणी, हे सारे एकोत दिसते. आणि तापानंतर ज्याला धाप, श्रमाने वाढणारे दुखणे, पायावर सूज किंवा ईसीजीत बदल आहे, त्याचा एको व्हावा याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. एकोला हृदयाच्या रोहिण्यांच्या आतले दिसत नाही, स्नायूतील सौम्य सूज दिसत नाही, लहानसा व्रण दिसत नाही, हे मात्र जाणून असावे.

एको झाल्यावर हातात पडणारा कागद हेच पुष्कळांच्या चिंतेचे मूळ होऊन बसते, म्हणून तो कसा वाचावा याचा जरा विस्ताराने खुलासा करतो. त्यातील सर्वांत महत्त्वाचा आकडा इजेक्शन फ्रॅक्शनचा, ज्याला व्यवहारात 'पंपिंग' म्हणतात : डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले गेले, तो. तो शंभर कधीच नसतो. पुरुषांत ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ टक्के हे प्राकृत प्रमाण मानले जाते, म्हणून 'माझे हृदय साठच टक्के चालते' असे म्हणत डोळ्यांत पाणी आणणाऱ्या माणसाला मी प्रथम हेच सांगतो, की तुमचे हृदय पूर्ण चालते आहे. शिवाय हा आकडा नजरेच्या अंदाजाने किंवा रेषा आखून काढलेला असतो. त्यात माणसागणिक आणि यंत्रागणिक पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. मार्चमध्ये ६२ आणि मेमध्ये ५८ आले म्हणजे हृदय खंगत चालले असा त्याचा अर्थ नाही. परंतु ६० चे ४५ झाले, तर ती बाब गंभीर आहे आणि तिचा पाठपुरावा झालाच पाहिजे.

पुढे पुष्कळ अहवालांत 'ट्रिव्हियल' किंवा 'माइल्ड' गळती लिहिलेली असते. ट्रायकस्पिड आणि मायट्रल झडपांतून किंचित गळती होणे हे निरोगी माणसांतही नित्य आढळते. यंत्र सूक्ष्म झाले आहे म्हणून ती दिसते, इतकेच. 'ग्रेड वन डायस्टोलिक डिस्फंक्शन' या शब्दांनी तर महाराष्ट्रातल्या किती घरांची झोप उडवली असेल त्याची गणती नाही. हृदय सैल पडून रक्त भरून घेण्याच्या क्रियेत वयोमानाने येणारा तो किंचित ताठरपणा आहे. पन्नाशी-साठीच्या माणसात, विशेषतः रक्तदाब असेल तर, तो सर्रास आढळतो, आणि तापाशी त्याचा संबंध बहुधा नसतो. वीस-पंचवीस वर्षांच्या मुलात तो लिहिलेला आढळला तर मात्र तो योग्य मोजला आहे का, हे पुन्हा पाहावे. अलीकडे काही अहवालांत 'स्ट्रेन' म्हणून उणे चिन्हासह एक आकडा असतो. उणे चिन्ह दोष दाखवत नाही. स्नायूची लांबी आकुंचनात घटते म्हणून ते येते, आणि उणे वीसच्या जवळपासचा आकडा चांगला समजतात. पंपिंग नीट असूनही स्नायू काहीसा दुबळा झाला असेल तर स्ट्रेनमध्ये त्याची चाहूल आधी लागते, यास्तव तापानंतरच्या रुग्णात त्याचा उपयोग आहे; परंतु निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर तो निरनिराळा येतो, म्हणून दुसऱ्या वेळी मोजायचा तर शक्यतो त्याच जागी, त्याच यंत्रावर मोजावा.

एमआरआयची गोष्ट निराळी आहे, आणि तिचे महत्त्व मी मुळीच कमी लेखत नाही. हृदयस्नायूत सूज आहे का, व्रण आहे का, आणि तो कोठे आहे, या प्रश्नांचे उत्तर छाती न उघडता, स्नायूचा तुकडा न काढता देणारे याच्या तोडीचे दुसरे साधन नाही. सुजलेल्या स्नायूत पाणी वाढते आणि त्याचा चुंबकीय ठसा बदलतो, तो एका मापनात कळतो. गॅडोलिनियम नावाचे द्रव्य शिरेतून दिल्यावर ते निरोगी स्नायूतून लवकर निघून जाते आणि इजा झालेल्या भागात रेंगाळते, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी घेतलेल्या चित्रात तो भाग उजळ दिसतो. तो उजळ पट्टा आतल्या अस्तराला लागून असेल तर हार्ट अटॅकची शंका, आणि बाहेरच्या अंगाला, विशेषतः डाव्या कप्प्याच्या बाजूच्या भिंतीत असेल तर मायोकार्डायटिसची, असा सामान्यतः भेद करतात. कॅनडातील लेक लुईझ या स्थळाच्या नावाने ओळखले जाणारे जे निकष २००९ साली ठरले आणि २०१८ साली सुधारले गेले, त्यांत सुजेची खूण व इजेची खूण अशा दोन्ही साक्षी मिळाल्या तर निदान भक्कम मानावे, असे सांगितले आहे. एकच साक्ष असेल तर ती बाकीच्या पुराव्याशी ताडून पाहावी लागते.

मग प्रत्येक कोविडोत्तर रुग्णाचा एमआरआय का करू नये? २०२० च्या जुलैत जर्मनीतील फ्रँकफर्टहून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोविडमधून नुकत्याच बऱ्या झालेल्या १०० जणांचे एमआरआय केले असता ७८ जणांत काही ना काही बदल आणि ६० जणांत चालू असलेल्या दाहाची खूण दिसली. जगभर हाहाकार उडाला. त्या लेखातील आकडेमोडीत पुढे दुरुस्त्या कराव्या लागल्या, पण लोकांच्या मनातली भीती मात्र दुरुस्त झाली नाही. नंतर २०२१ साली लंडनच्या आरोग्यसेवकांचा अभ्यास आला. सौम्य कोविड होऊन सहा महिने झालेले ७४ जण आणि कोविड न झालेले ७५ जण शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्ही गटांच्या हृदयांत भेद सापडला नाही. म्हणजे जे बारीकसारीक बदल संसर्ग झालेल्यांत दिसत होते, ते न झालेल्यांतही तेवढेच होते. अमेरिकेतील १,५९७ महाविद्यालयीन खेळाडूंच्या तपासणीत ३७ जणांत, म्हणजे २.३ टक्क्यांत, मायोकार्डायटिसची चिन्हे मिळाली, आणि त्यांतील बहुतेकांना काहीच त्रास नव्हता. या तिन्ही अभ्यासांतून मी व्यवहारासाठी जो बोध घेतो तो असा : सौम्य आजार होऊन गेलेल्या, एको, ईसीजी व रक्त स्वच्छ असलेल्या माणसात केवळ धास्तीपोटी एमआरआय करू नये, कारण त्यात एखादा संदिग्ध ठिपका सापडला तर त्याचे काय करायचे, याचे उत्तर कोणापाशी नसते, पण तापात ट्रोपोनिन वाढले असेल, ईसीजी किंवा एकोत बदल असतील, ठोक्यांत घातक अनियमितता असेल, किंवा श्रमाने येणाऱ्या छातीच्या दुखण्याचा रोहिण्या स्वच्छ असूनही उलगडा होत नसेल, तर एमआरआय टाळू नये, आणि लांबवूही नये. सूज कालांतराने विरते. त्रास सुरू झाल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत काढलेले चित्र जितके बोलके असते, तितके सहा महिन्यांनी काढलेले राहत नाही. तेव्हा उरलेला व्रण दिसेल, पण तो कधीचा हे सांगता येणार नाही.

एमआरआयला जाण्यापूर्वीच्या काही गोष्टी. ज्या केंद्रात गुडघ्याचे आणि पाठीचे एमआरआय होतात त्या प्रत्येक ठिकाणी हृदयाचे चांगले होतेच असे नाही. धडधडणाऱ्या अवयवाचे चित्र घेण्यासाठी निराळी सामग्री व सराव लागतो, म्हणून 'तुमच्याकडे हृदयाचे एमआरआय नियमित होतात का आणि अहवाल कोण देते' हे विचारून मगच वेळ घ्यावी. हे विचारण्यात संकोच नको. नळकांड्यात पाऊण ते एक तास पडून राहावे लागते, आवाज मोठा असतो, आणि सांगतील तेव्हा दहा-पंधरा सेकंद श्वास रोखावा लागतो. त्याचा सराव दोन दिवस आधी घरी करावा. बंद जागेची भीती असेल तर तसे आधी सांगावे. मूत्रपिंडे बरीच निकामी झालेल्यांना गॅडोलिनियम देताना विशेष काळजी घ्यावी लागते, यास्तव क्रिएटिनिनचा ताजा अहवाल जवळ असावा. पेसमेकर, कानातील शस्त्रक्रियेने बसवलेले यंत्र, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, गर्भधारणा, यांपैकी काहीही असल्यास ते न लपवता सांगावे. रोहिणीत स्टेंट असणे ही बहुधा हरकत ठरत नाही, पण स्टेंटचे कार्ड बरोबर असावे.

सीटीबद्दल थोडक्यात. अकस्मात धाप, श्वास घेताना टोचणे, पोटरीची सूज, अशी लक्षणे असतील तर फुप्फुसातील गुठळीसाठी सीटी अँजिओग्राफी तातडीने लागते. श्रमाने छातीत आवळते आणि वय, मधुमेह, तंबाखू किंवा घराण्यातील इतिहास यांमुळे रोहिणीच्या आजाराची शंका आहे, अशांना हृदयरोहिण्यांचे सीटी उपयोगी. दोहोंत किरणोत्सर्ग आहे आणि आयोडीनयुक्त द्रव्य द्यावे लागते, म्हणून 'सोबत हेही करून टाकू' या भावनेने ते करू नये.

आता ज्यांच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ येतात त्यांच्याकडे वळतो, कारण माझ्या अनुभवात संख्या त्यांचीच मोठी आहे आणि हेळसांडही त्यांचीच अधिक होते. 'सगळे नॉर्मल आहे, मनाचे आहे' असे म्हणून त्यांची बोळवण करणे अन्यायाचे आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीने २०२२ साली कोविडोत्तर हृदयविषयक तक्रारींबद्दल जे मार्गदर्शन दिले, त्यातही तपासण्यांत रोग सापडणारे आणि लक्षणे असूनही तपासण्यांत रोग न सापडणारे असे दोन गट मानले आहेत, आणि दुसऱ्या गटाची तक्रार खरी धरून तिच्यावर उपाय सुचवले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना चौथ्या वाटेचा, म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेचा, त्रास असतो, आणि तो ओळखण्यास घड्याळ पुरते. दहा मिनिटे निवांत आडवे पडून नाडी मोजावी व शक्य तर रक्तदाब घ्यावा. मग भिंतीपाशी उभे राहून, न हलता, न बोलता, दर दोन मिनिटांनी दहा मिनिटे नाडी व दाब लिहीत जावे. जवळ कोणीतरी असावे, आणि भोवळ आल्यासारखे वाटताच बसावे. रक्तदाब फारसा न घसरता नाडी तीस किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच टिकली, आणि किशोरवयीन मुलांत चाळीस किंवा अधिक, तर हा कागद डॉक्टरांना दाखवावा. पुरेसे पाणी, रक्तदाब व मूत्रपिंडे ठीक असतील तर डॉक्टरांच्या संमतीने थोडे अधिक मीठ, पोटऱ्या-मांड्यांवर घट्ट मोजे, आणि प्रथम आडवे पडून पायांचे, मग बसून, मग उभ्याने, असा क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम, यांनी पुष्कळांना उतार पडतो. न पडल्यास औषधे आहेत. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी कोसळणाऱ्यांनी मात्र व्यायामाची जबरदस्ती स्वतःवर करू नये. दिवसाची कामे तुकड्यातुकड्याने, मध्ये विश्रांती घेऊन करावी.

ज्यांना मायोकार्डायटिस खरोखर झाला आहे असे सिद्ध झाले, त्यांना नेमकी उलट ताकीद. बरे वाटू लागले म्हणून मैदानावर, जिममध्ये किंवा गड चढायला जाऊ नये. तीन ते सहा महिने कठोर श्रम व स्पर्धात्मक खेळ वर्ज्य, ही आजवरची रूढ मुदत. अलीकडे रुग्णाची प्रगती पाहून ती कमी-अधिक करतात, पण तो निर्णय पुन्हा केलेला एको, होल्टर (ठोक्यांची सलग नोंद घेणारे यंत्र), ट्रेडमिल आणि गरजेप्रमाणे एमआरआय पाहून डॉक्टरांनी घ्यायचा आहे, प्रशिक्षकाने नव्हे. सुजलेल्या स्नायूवर श्रमाचा ताण आला की ठोका घातकरीत्या बिघडू शकतो, आणि तरुण खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूंत या व्याधीचा वाटा आहे. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. भरती पुढच्या वर्षी पुन्हा निघते.

खर्चाचा प्रश्न सगळ्यांनाच असतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये व मोठ्या महानगरपालिकांची रुग्णालये यांत एको अल्प दरात होतो. रांग लांब असते, पण धोक्याची खूण नसेल तर दोन आठवड्यांनी झालेला एको तितकाच उपयोगी. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर शासकीय आरोग्य योजनेत काय बसते हे तेथील आरोग्यमित्राला प्रथमच विचारावे, मागाहून नव्हे. प्रत्येक तपासणीचा कागद तर मागावाच, पण एको व एमआरआयची मूळ चित्रेही सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरला अहवालाच्या शब्दांपेक्षा चित्र पाहणे अधिक विश्वसनीय वाटते, आणि तीच तपासणी पुन्हा करण्याची वेळ पुष्कळदा टळते. फाईल तारीखवार लावावी, वर आपल्या जबानीचे ते एक पान ठेवावे, आणि चित्र काढायला सांगितले गेले तर नम्रपणे दोन प्रश्न विचारावेत : यातून नेमके काय कळणार आहे, आणि जे कळेल त्याने माझ्या उपचारांत काय बदलेल? आपल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येणार नाही. आला, तर दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.